तिसरं उड्डाण

उज्वलाचं पहिलं रॉकेट वर जाण्याऐवजी आडवं गेलं. पुरुषभर उंची गाठली असेल नसेल, तिथंच गरकन उलटलं, हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि ढेकळांत नाक खुपसून पडलं. दुसरं त्याच्याही वरताण निघालं. ते जमिनीलगत सूं करत थेट प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे धावलं आणि क्लबातली शिकलीसवरलेली इंजिनीअर मंडळी वाट फुटेल तिकडे पळाली. लागलं कोणालाच नाही. पण एका साहेबांचा पोह्यांचा डबा उपडा झाला, आणि माणूस एक वेळ जिवावरचं विसरतो, पोह्यांचं विसरत नाही.

क्लब म्हणजे नाशिकमधली पंधरा-वीस हौशी माणसं. कोणी अंबडच्या कारखान्यात, कोणी कॉलेजात शिकवणारं. थंडीतल्या रविवारी सकाळी दिंडोरी रस्त्याला सहादू नावाच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात जमायचं आणि रीतसर परवानगी काढून हातभर लांबीची कागदी रॉकेटं उडवायची. आत बोटाएवढी तयार मोटर. ती क्लबच मागवतो. वीस पावलं लांब उभं राहून बटण दाबलं की वायरीतून ठिणगी जाते, रॉकेट शंभर-दीडशे मीटर चढतं, वर त्याच्या पोटातून छत्री बाहेर पडते आणि ते झुलत झुलत खाली येतं. एवढाच खेळ. यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्यानं ते कधी पाहिलेलं नसतं.

उज्वलानं पाहिलं होतं. द्वारका चौकाजवळ तिचं साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं दुकान. गेल्या वर्षी क्लबाचा प्रमुख रोहित एक पातळ कापड घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, याची गोल छत्री शिवून मिळेल का? आठ दोऱ्यांची." तिनं शिवून दिली, आणि आपली शिलाई हवेत कशी दिसते ते बघायला रविवारी रानात गेली. रॉकेट सुटलं तेव्हा बेचाळीस वर्षांची ही बाई तोंड उघडं टाकून वर बघत राहिली. घरी येऊन नवऱ्याला, दीपकला, म्हणाली, "मला असं एक स्वतःचं करायचंय." दीपक म्हणाला, "कर की. फक्त गच्चीवरनं उडवू नको."

त्यानंतर वर्षभर तिनं क्लबाच्या छत्र्या शिवल्या. तिच्या छत्रीचं एकही रॉकेट आपटलं नाही. उज्वलाताईंची छत्री म्हणजे डोळे झाकून घ्यावी, असं सगळे म्हणायचे. तिला ते आवडायचं, आणि सलायचंही. वर जायचं ते दुसऱ्यांचं. हिच्या वाट्याला फक्त खाली आणणं.

पोह्यांचं प्रकरण निस्तरल्यावर रोहित तिच्याजवळ आला. वयानं तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, स्वभावानं गरीब, पण नियमाला पक्का.

"ताई, तुम्हाला माहीत आहे. नवख्याला एका मोसमात तीन उड्डाणं, त्यातलं एक तरी सरळ गेलं तरच पुढं मोकळीक. तुमची दोन झाली. आणि सहादूभाऊ पुढच्या सोमवारी नांगर घालतायत, भुईमुगासाठी. म्हणजे येता रविवार शेवटचा. नंतर थेट दिवाळीनंतर."

"माहीत आहे, सर."

"माझ्याकडे तयार किट आहे, जोडून ठेवलेलं. तेच उडवा ना. नाव तुमचंच लागेल."

"नाव माझं आणि रॉकेट तुमचं?"

रोहित जरा ओशाळला. मग अगदी मनापासून म्हणाला, "खरं सांगू का? रॉकेट कोणीही करतं हो. तुमच्यासारखी छत्री कोणाला जमत नाही. तुम्ही छत्र्याच बघा."

त्यानं चांगल्या मनानं म्हटलं होतं, हेच वाईट होतं. वाईट मनानं म्हटलं असतं तर तिनं तिथल्या तिथं चार शब्द सुनावले असते. आता ते शब्द पोटात घेऊन तिला रिक्षात बसावं लागलं. दुकान येईपर्यंत तिचं ठरलं होतं. रविवारी उडवायचं ते आपलंच.

पण उडवायचं कसं? चुकलं कुठं हेच तिला कळत नव्हतं. ती येवल्याच्या पतंगवाल्या सावळीरामची मुलगी. खाकी कागदाची नळी तिनं झाडूच्या दांड्यावर अशी गुंडाळली होती की कुठं सुरकुती नाही. मागच्या तीन पंखांना तिनं बांबूच्या कामट्यांची चौकट दिली होती, बापानं शिकवली तशी तासून, घासून. पहिलं रॉकेट गोते खायला लागलं तेव्हा तिनं तेच केलं जे येवल्यात कोणीही केलं असतं. पतंग गोते खातो, तर शेपटीला चिंधी बांध. हे तिथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून दुसऱ्या रॉकेटच्या शेपटीला तिनं कापडाची पट्टी चांगली तीन वेढे डिंकानं चिकटवली होती. आणि ते खुर्च्यांवर गेलं होतं.

गुरुवारी तिनं दुकानाला कुलूप घातलं, नवीन केलेलं तिसरं रॉकेट कापडी पिशवीत घातलं आणि येवल्याची एसटी धरली.

संक्रांत होऊन पंधरवडा झाला होता. येवल्यात अजून तारांवर फाटके पतंग लोंबत होते. आण्णा, म्हणजे सावळीराम, ओट्यावर ऊन खात बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. हात थरथरतो म्हणून तीन वर्षं झाली, पतंग करणं सोडलेलं. पण बिघडलेला पतंग घेऊन गल्लीतलं कोणी आलं तर नुसतं हातात धरून दोष सांगायचे.

"आण्णा, हे बघा." तिनं रॉकेट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाण हाय का? अगं, दिवाळीला दुकानात मिळतो की."

"दुकानातला नाही. मी केलाय. वर जात नाही, गोते खातो."

"मंग शेपटीला चिंधी लाव."

"लावली. त्यानंच तर खुर्च्यांवर गेला."

आण्णा खो खो हसले. तिला राग आला. पण राग काढायला एसटीचे दोन तास घालवले नव्हते. हसून झाल्यावर त्यांनी रॉकेट उचललं, कामट्यांवरून अंगठा फिरवला, आणि मान हलवली. तासकाम पसंत पडलं असावं. मग ते रॉकेट त्यांनी एका बोटावर आडवं तोललं. बोट मागं मागं सरकत थेट पंखांजवळ गेलं, तेव्हा कुठं तोल सापडला.

"आतलं दारू-बिरूचं हाय का ह्याच्यात?"

"नाही. वापरलेल्या मोटरीत ओली वाळू भरलीय, तेवढ्याच वजनाची."

"तोल लय मागं हाय ह्याचा." त्यांनी कोनाड्यातून दोरा मागितला. तोलाच्या जागी त्यांनी तो बांधायला घेतला, पण गाठ बसेना. बोटं ऐकेनात. उज्वलानं गाठ मारली. "आता फिरव," आण्णा म्हणाले. "डोक्यावरनं. गोफणीवानी."

ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि साडीचा पदर खोचून रॉकेट गरगर फिरवू लागली. समोरच्या भागीबाई दळण टाकायला निघाल्या होत्या, त्या डबा कडेवर घेऊन थांबल्याच. फिरता फिरता रॉकेटनं अंग वळवलं आणि शेपूट पुढं करून, नाक मागं टाकून ते पळायला लागलं.

"पाठमोरं चाललंय, आण्णा!"

"दिसतंय मला. खाली घे." आण्णांनी ते परत मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "पतंगाला आपण धरलेलं असतं. दोर खालनं वढतो, म्हून शेपटीचं वजन त्याला सरळ ठेवतं. ह्याला कोण धरतंय?"

"कोणी नाही. बटण दाबलं की सुटलं."

"मंग उलटं हाय हे सगळं. ज्याला धरणारं कोणी नाय, त्याचं डोकं जड पायजे."

पुढचा तासभर गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून उज्वला मूठभर शाडू घेऊन आली. नाकाच्या पोकळ टोपीत बोराएवढा गोळा दाबायचा, तोल नव्यानं बघायचा, दोरा पुढं सरकवायचा, फिरवायचं. पहिल्या गोळ्याला फरक नाही. दुसऱ्याला रॉकेट आडवं राहून झुलत राहिलं. भागीबाईंनी दळण राहू दिलं आणि डबा खाली ठेवून त्यावर बसल्या. चौथ्या गोळ्याला रॉकेट एकदा अडखळलं, मग त्यानं नाक पुढं काढलं आणि नाकासमोर असं पळायला लागलं की उज्वलाचा हात थांबेना. माती वाळून हलकी होईल म्हणून तिनं पाचवा गोळाही दाबला.

दमून ती ओट्यावर बसली. आनंद झाला होता, आणि आनंदाच्या भरातच वर्षानुवर्षं आत राहिलेलं बाहेर पडलं.

"आण्णा, तुम्ही मला कधी दोर दिला नाही."

"आं?"

"लहानपणी. तिन्ही भावांना दिलात. मला दर संक्रांतीला मांजाची आसारी धरायला लावली. मांजा गुंडाळ, मांजा सोड. मी वर बघायचे ते त्यांचा पतंग बघायला."

आण्णांनी ते नाकारलं नाही. "तुझ्यासारखी आसारी कोणाला धरता यायची नाय, उजे," ते म्हणाले. "ढील म्हणायच्या आत ढील. भावांच्या हातात आसारी दिली की गुंता ठरलेला. तुझा हात चांगला होता, म्हून तर दोर दिला नाय."

उज्वलाला ते ओळखीचं वाटलं. रोहितचेच शब्द, फक्त तीस-पस्तीस वर्षं आधीचे. हात चांगला म्हणून बाई मागं. तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर रडू येईल. आली ती चीड, आणि तिच्यामागून हट्ट.

"रविवारी उडवणार मी," ती म्हणाली.

"किती वाजता?"

"सकाळी नऊ. पण तुम्ही कुठं एवढ्या लांब येता?"

"का? येस्टी हाय की," आण्णा म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला.

रविवारी सहादूच्या रानात थंडी होती आणि वारा नव्हता. आण्णा कानटोपी घालून खुर्चीत बसले. आदल्या रविवारचे पोहेवाले साहेब आपली खुर्ची उचलून आणखी दहा पावलं मागं गेले आणि डबा मांडीवर घट्ट धरून बसले. सगळ्यांची रॉकेटं झाल्यावर उज्वलाची पाळी आली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. दहानंतर वारा उठतो आणि रॉकेटं शेजारच्या द्राक्षबागेत उतरतात. म्हणून दहाला काम बंद, सहादूनं मोकळीक दिली तरच पुढं, हाही नियमच.

रोहितनं रॉकेट काट्यावर ठेवलं. आकडा बघून त्याचा चेहरा पडला.

"ताई, चौदा ग्रॅम जास्त आहे. एवढं वजन ही मोटर सरळ उचलणार नाही. मी परवानगी देऊ शकत नाही."

"माती काढली तर गोते खाईल."

"मग राहू द्या या वर्षी. आता काढण्यासारखं यात आहे तरी काय?"

उज्वलानं रॉकेटची नाकाची टोपी उपसली आणि आतली छत्री बाहेर काढली. तिनं आजवर शिवलेली सगळ्यात देखणी छत्री होती ती. केशरी कापड, कडेला दुहेरी दुमड, प्रत्येक दोऱ्याच्या जागी चौकोनी टाका. पंधरा दिवस जागून... छे, जागून कसली, दुपारच्या वेळी गिऱ्हाइकं टाळून तिनं ती केली होती. सगळा क्लब तिला ज्यासाठी ओळखत होता ते सगळं त्या छत्रीत होतं. तिनं ती काट्यावर टाकली. अठरा ग्रॅम.

"ही नको," ती म्हणाली.

"छत्रीशिवाय उडवता येत नाही, ताई."

"छत्रीशिवाय कोण उडवतंय?" तिच्या पिशवीत एका गिऱ्हाइकाच्या दोन साड्या होत्या, परतताना म्हसरूळला पोचवायच्या. तिनं एका साडीचं पातळ प्लास्टिकचं कव्हर काढलं, पिशवीतली कात्री घेतली आणि ढेकळावर बसून गोल कापलं. जुन्या छत्रीचे आठही दोरे टाके उसवून सोडवले. आपलीच शिलाई उसवताना जीव चुटपुटतो, तसा तिचाही चुटपुटला. पण हात थांबले नाहीत. प्लास्टिकला चिकटपट्टीनं दोरे चिकटवले. भोवती जमलेली मंडळी एकमेकांकडे बघत होती. छत्र्यांची कारागीर, आणि साडीच्या कव्हराची छत्री!

काट्यानं होकार दिला. एक ग्रॅम हाती राखून.

"थांबा, अजून नाही," उज्वलाच म्हणाली. छत्री हलकी झाली म्हणजे पुढचं वजन कमी झालं होतं. मोटर बसवण्याआधी तिनं वाळू भरलेली जुनी मोटर पुन्हा आत सरकवली, तोलाच्या जागी दोरा बांधला आणि दोन डझन माणसांसमोर पदर खोचून रॉकेट डोक्यावरून गरगर फिरवलं. कोणी तरी हसलं. रोहित हसला नाही. तो एकटक बघत होता, कारण नाक पुढंच होतं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"आमच्या आण्णांनी. पतंगवाले आहेत."

दहाला सात मिनिटं असताना खरी मोटर बसवून रॉकेट जमिनीत रोवलेल्या उभ्या सळईवर चढलं. उज्वला वीस पावलं मागं आली, बटणाची पेटी हातात घेतली. रोहितनं पाचापासून उलटे आकडे मोजले. तिनं बटण दाबलं.

काही झालं नाही.

"पुन्हा दाबा," मागून कोणी म्हणालं. तिनं दाबलं. रॉकेट सळईवर ढिम्म. "जाऊन वायर बघा की, वेळ चाललाय!" पोहेवाले साहेब ओरडले.

"कोणी जायचं नाही," उज्वला म्हणाली. मोटर पेटली नाही तर बटणाच्या पेटीची किल्ली काढून पूर्ण एक मिनिट जागचं हलायचं नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. तिनं किल्ली काढून मुठीत धरली. ते मिनिट काही केल्या सरेना. द्राक्षबागेच्या कडेची शेवरी हलायला लागली होती. आता गेलं हातचं, असं तिला एकदा वाटलं. पण पाय हलले नाहीत. मिनिट भरल्यावर ती चालत गेली, पळत नाही. मोटरीतली ठिणगीची तार निसटली होती. तिनं नवी तार बसवली, वायरीचे चिमटे लावले, परत आली.

"जागचं हललं नाही, म्हणजे उड्डाण धरत नाही," रोहित म्हणाला. घड्याळात दोन मिनिटं उरली होती.

पाच, चार, तीन, दोन, एक.

फस्स झालं आणि सळई रिकामी दिसली. रॉकेट कुठं आहे ते डोळ्यांना सापडेपर्यंत ते वडाच्या उंचीच्या कितीतरी वर गेलं होतं, आणि सरळ जात होतं. ना गोता, ना गिरकी. मागं पांढऱ्या धुराची एक रेघ. उज्वलाला आपण ओरडतोय हे कळलं ते घसा दुखल्यावर. आण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले होते, कपाळाला हात लावून, आणि कोणाला तरी, बहुतेक स्वतःलाच, सांगत होते, "गेलं की गं! कोणी धरलं नाय, काय नाय, आन गेलं की!"

वर, अगदी टोकाला, एक बारीक पॉट आवाज झाला. साडीचं कव्हर उघडलं आणि उन्हात चमकलं. रॉकेट डुलत डुलत उतरायला लागलं, बागेच्या दिशेनं थोडं सरकलं, आणि बांधाच्या चार हात अलीकडे टेकलं. टाळ्या वाजल्या. पोहेवाल्या साहेबांनीही वाजवल्या, डबा काखेत धरून.

उज्वला ढेकळं तुडवत गेली. रॉकेट शाबूत होतं, कव्हर मात्र काटक्यांना अडकून फाटलं होतं. तिनं वाकून ते उचललं तेव्हा रडू आलं. तिनं ते येऊ दिलं, पदरानं तोंड पुसलं आणि परत आली.

रोहितनं वहीत नाव लिहिलं होतं, पुढं 'उत्तीर्ण'. त्यानं हात जोडले. "मानलं, ताई. आता तुम्ही नवख्या नाही. सहादूभाऊ म्हणतायत वारा पडलाय, अजून एक फेरी होऊ द्या. माझं मोठं रॉकेट उडवतो. त्याची छत्री जरा फाटलीय, तेवढी टाचून द्याल का लगेच?"

सगळ्यांनी आपोआप तिच्याकडे बघितलं. तिच्या हाताकडे बघितलं, खरं तर. उज्वलानं पिशवीतून दुसऱ्या साडीचं कव्हर काढलं आणि कात्रीसकट रोहितच्या हातात ठेवलं.

"तुमची छत्री मंगळवारी दुकानात आणा," ती म्हणाली. "आत्ता मी परत उडवणार आहे. हे गोल कापा."

"मी?"

"तुम्ही. या फाटक्याचे आठ दोरे घ्या, सारख्या अंतरावर चिकटवा."

क्लबाचा प्रमुख ढेकळावर बसला आणि जीभ दातांत धरून कव्हर कापायला लागला. कडा वेड्यावाकड्या होत होत्या. उज्वलानं एकदा वाकून बघितलं आणि कात्री त्याच्याच हातात राहू दिली. ती नवीन मोटर घ्यायला क्लबाच्या मोटरींच्या पेटीकडे गेली.